पिकातल्या खुणांवरून प्रागैतिहासिक दफनस्थळे ओळखताना

इंग्लंडमधल्या टेम्स नदीच्या वरच्या खोऱ्यातला एक पट्टा हवाई छायाचित्रांवरून तपासायचा आणि त्यातील संभाव्य प्रागैतिहासिक दफनस्थळांचा नकाशा व नोंदी तयार करायच्या, हे काम पुरातत्त्वाच्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून माझ्याकडे आले. हा पट्टा नदीकाठच्या खडीच्या सपाट पायऱ्यांचा आहे. त्यावर आज गहू आणि बार्लीची शेते आहेत, थोडी कुरणे आहेत आणि खडी उपसून झाल्यावर पाण्याने भरलेले मोठाले खड्डे आहेत. जमिनीवर उभे राहून पाहिले तर प्राचीन म्हणावे असे तिथे काहीही दिसत नाही. जे काही उरले आहे ते नांगराच्या फाळाखाली आहे, आणि त्याचा पत्ता लागतो तो उभ्या पिकाच्या रंगावरून आणि उंचीवरून, वर्षातले मोजके आठवडे, तेही दरवर्षी नव्हे. अशा खुणांना क्रॉपमार्क म्हणतात.

छायाचित्रांकडे वळण्याआधी पिकाची तहान समजून घ्यावी लागली. कांस्ययुगात, म्हणजे ढोबळमानाने इ.स.पू. २२०० ते १५०० या काळात, ब्रिटनमध्ये मृताला पुरलेल्या जागेवर किंवा दहनानंतरच्या अस्थींवर मातीचा गोल ढिगारा रचण्याची प्रथा होती. या ढिगाऱ्याला बॅरो असे नाव आहे. त्यासाठी लागणारी माती आणि खडी बहुधा भोवताली गोल चर खणून काढली जाई. पुढच्या शतकांत नांगरटीने ढिगारा सपाट झाला, पण चर खडीत खोलवर खणलेला असल्यामुळे शिल्लक राहिला आणि वरून वाहून आलेल्या बारीक, कसदार मातीने हळूहळू भरत गेला. खडीच्या जमिनीत पाणी टिकत नाही. पाऊस थांबला की वरच्या पातळ थरात जेवढी ओल असेल तेवढ्यावरच पिकाला निभावावे लागते. चराच्या जागी मात्र मातीची खोली एकदम वाढते आणि तिथली मुळे खालपर्यंत जाऊन ओलावा ओढत राहतात. मे-जूनमध्ये पावसाने ओढ दिली आणि जमिनीतील ओलाव्याची तूट वाढत गेली की आजूबाजूचे पीक लवकर पिवळे पडते, चराच्या बरोबर वरचे मात्र हिरवे, दाट आणि थोडे उंच राहते. विमानातून पाहणाऱ्याला पिवळ्या शेतात हिरवे वर्तुळ दिसते. जमिनीखाली दगडी पाया किंवा फरसबंदी असेल तर याच्या उलट घडते, तिथले पीक खुरटते. पण माझ्या पट्ट्यातील दफनस्थळांच्या बाबतीत पहिलाच प्रकार महत्त्वाचा होता.

सगळी पिके सारखी बोलकी नसतात. बार्ली सर्वांत संवेदनशील, गहू तिच्या जवळपास. शर्कराकंद हंगामात उशिरा प्रतिसाद देतो, आणि गवतात खूण उमटायची तर उन्हाळा फारच कडक व्हावा लागतो. रंगातला फरक पीक पिकण्याच्या टप्प्यावर सर्वांत ठळक असतो आणि तो थोडेच दिवस टिकतो. पुढे सगळेच शेत पिवळे झाले तरी उंचीचा फरक राहतो आणि सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्याची बारीक सावली पडते. ओल्या वर्षांत आणखी एक गंमत होते: चरावरचे पीक इतके माजते की वाऱ्यापावसात तेवढेच लोळते, आणि मग आडव्या पडलेल्या ओंब्यांच्या पट्ट्यांवरून चराचा मार्ग कळतो. म्हणून गडद दिसले की चर आणि फिकट दिसले की भिंत, असे समीकरण डोळे झाकून मांडता येत नाही. पिकाची अवस्था, प्रकाशाची दिशा आणि कॅमेऱ्याची जागा बदलली की तीच खूण एका चित्रात गडद आणि दुसऱ्यात फिकट दिसते.

या निरीक्षणाला विमानाची वाट पाहावी लागली असे मात्र नाही. रिचबरो येथील जुन्या रोमन वस्तीच्या जागी रस्ते होते तिथे पीक विरळ उगवते, हे विल्यम कॅम्डन या सोळाव्या शतकातल्या इंग्रज इतिहासकाराने विमानाच्या कितीतरी आधी लिहून ठेवले होते. पद्धत म्हणून तिला आकार दिला तो ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांनी. पहिल्या महायुद्धात विमानातून टेहळणी केलेले क्रॉफर्ड १९२० मध्ये ऑर्डनन्स सर्व्हे या नकाशा-संस्थेचे पहिले पुरातत्त्व अधिकारी झाले, आणि १९२३ मध्ये त्यांनी हवाई दलाच्या जुन्या छायाचित्रांवरून स्टोनहेंजकडे जाणाऱ्या प्राचीन मार्गाचा हरवलेला भाग शोधून काढला. पण माझ्या कामाच्या दृष्टीने मला अधिक उपयोगी वाटले ते वुडहेंजचे उदाहरण. स्टोनहेंजजवळची ती जागा आधी सपाट झालेला दफनाचा ढिगारा समजली जात होती. १९२५ च्या डिसेंबरमध्ये गिल्बर्ट इन्सॉल या वैमानिकाने वरून पाहताना तिथे वेगळेच काही असल्याचे हेरले, आणि पुढच्या उन्हाळ्यात गव्हाच्या पिकात गोलाकार रांगांनी मांडलेले ठिपके स्वच्छ उमटले. मॉड आणि बेन कनिंग्टन या दांपत्याने उत्खनन केले तेव्हा ते ठिपके म्हणजे लाकडी खांबांचे खड्डे निघाले. मध्याजवळ एका लहान मुलाचे दफनही सापडले. म्हणजे ज्याला सरळसरळ थडगे मानले होते ते थडगे नव्हते, आणि तरीही तिथे एक दफन होतेच. वर्तुळ पाहून घाईने निष्कर्ष काढण्याची इच्छा झाली की मी हे उदाहरण आठवत असे.

कामाची सुरुवात चित्रे पाहण्याने करायची असते असा माझा समज होता. प्रत्यक्षात मार्गदर्शकांनी प्रथम हवामानाच्या नोंदी हातात दिल्या. कोणत्या वर्षी उन्हाळा कोरडा गेला, कोणत्या महिन्यात पाऊस थांबला, हे आधी मांडून घेतले की छायाचित्रांच्या ढिगातली नेमकी कोणती चित्रे आधी काढायची ते ठरते. १९७६ चा दुष्काळ ब्रिटनमधल्या हवाई पुरातत्त्वात प्रसिद्ध आहे; १९९५ आणि २०१८ चे उन्हाळेही फलदायी ठरले. २०१८ च्या जुलैमध्ये आयर्लंडमध्ये न्यूग्रेंज या प्रागैतिहासिक दफनस्मारकाजवळ अँथनी मर्फी आणि केन विल्यम्स यांना ड्रोनमधून एक प्रचंड वर्तुळाकार रचना दिसली, ती अशाच तहानलेल्या पिकामुळे. या वर्षांची चित्रे आधी पाहायची, आणि मग ओल्या वर्षांची, ती मुख्यतः एखादी खूण पुन्हा दिसते का हे तपासण्यासाठी. चित्राच्या मागे तारीख नसेल तर त्याची किंमत माझ्या लेखी अर्धी होते, कारण मग न दिसलेल्या खुणेबद्दल काहीच बोलता येत नाही.

चित्रे दोन जातींची असतात. पुरातत्त्वज्ञ छोट्या विमानातून खिडकीबाहेर कॅमेरा धरून घेतात ती तिरकी चित्रे. त्यांत खूण उठून दिसते, पण छायाचित्रकाराला जे लक्षवेधी वाटले तेवढेच त्यांत असते. मेजर जॉर्ज ॲलन यांनी १९३० च्या दशकात स्वतःच्या विमानातून ऑक्सफर्डच्या परिसराची अशी चित्रे घेतली आणि ती आज ॲशमोलियन संग्रहालयात आहेत; नंतर खडीच्या खाणींत गेलेल्या कित्येक जागा आता फक्त त्या चित्रांतच पाहायला मिळतात. दुसरी जात सरळ वरून घेतलेल्या चित्रांची. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच ब्रिटिश हवाई दलाने देशभराची अशी चित्रे घेतली. त्यांचा हेतू पुरातत्त्वाचा नव्हता, हाच त्यांचा गुण, कारण त्यांत निवड नाही. सलग दोन चित्रांत साधारण साठ टक्के भाग सामाईक असतो, त्यामुळे स्टिरिओस्कोपखाली, म्हणजे दोन्ही डोळ्यांना वेगवेगळे चित्र दाखवणाऱ्या उपकरणाखाली, जोडी लावली की जमिनीचा उंचसखलपणा जाणवतो आणि तेव्हा अजून पूर्ण न नांगरलेला एखादा उंचवटा ओळखता येतो. यांच्या जोडीला गूगल अर्थवरची जुन्या तारखांची चित्रे आणि सरकारने मोफत उपलब्ध केलेली लायडारची, म्हणजे विमानातून लेझर किरणांनी मोजलेली, जमिनीच्या उंचीची माहिती होती.

माझ्या पट्ट्यात सर्वांत जास्त वेळ गेला तो एका मोठ्या शेतातल्या तीन वर्तुळांवर. कोरड्या उन्हाळ्यातल्या एका तिरक्या चित्रात ती बार्लीमध्ये अगदी स्पष्ट होती: दोन मोठी, साधारण वीस-पंचवीस मीटर व्यासाची, आणि त्यांच्या रेषेतच पण थोडे अंतर सोडून एक लहान. भिंगाखाली पाहिल्यावर मोठ्या वर्तुळांची कड दोन-तीन मीटर रुंद आणि सर्वत्र सारख्या जाडीची दिसत होती. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या तिच्यावरून सरळ निघून गेल्या होत्या, म्हणजे खूण शेतकऱ्याच्या फवारणीतून किंवा पेरणीतून आलेली नव्हती. एका वर्तुळाच्या मध्याजवळ गडद, लांबट डाग होता. शेताच्या बांधापाशी तिसरे वर्तुळ अर्ध्यातच तुटले होते, कारण बांधापलीकडे त्या वर्षी गवत होते. खूण जमिनीत आहे, चित्राच्या फिल्मवर नाही, याचा असा पुरावा मला फार भरवशाचा वाटतो: पीक बदलते तिथे खूण थांबते, आणि दुसऱ्या वर्षी बांधापलीकडे धान्य असेल तेव्हा उरलेला अर्धा भाग तिथे उगवतो. या वर्तुळाच्या बाबतीत तसेच झाले. बऱ्याच वर्षांनंतरच्या एका सरळ चित्रात पलीकडच्या गव्हात त्याची दुसरी कमान फिकट, पण नेमक्या जागी होती.

त्याच शेतातून एक लांब सरळ रेषा जात होती. अशा रेषा म्हणजे बहुधा जुन्या शेतांच्या हद्दीचे भरून गेलेले चर असतात. ही रेषा मधल्या वर्तुळापाशी येऊन किंचित बाक घेत होती, वर्तुळाच्या कडेबाहेरून वळसा घालून पुन्हा आपल्या दिशेला लागत होती. चर खणणाऱ्यांना तिथे वळावेसे का वाटले असेल? सपाट खडीत आधीच बुजून गेलेल्या चरासाठी कोणी वाट वाकडी करत नाही. म्हणजे हद्द आखली गेली तेव्हा तिथे उभा ढिगारा होता आणि तो टाळला गेला. हद्द स्वतः किती जुनी आहे हे चित्रावरून सांगता येत नाही, तिची मांडणी लोहयुगीन किंवा रोमनकालीन शेतांसारखी आहे एवढेच म्हणता येते. पण वर्तुळ तिच्याहून जुने आणि आतून उंच होते, हे दोन मुद्दे त्या एका बाकाने दिले. मध्यभागातल्या गडद डागापेक्षा मला या बाकाचे महत्त्व अधिक वाटले, आणि आजही वाटते. गडद डाग कशाचाही असू शकतो: दफनाचा खड्डा, पूर्वी कोणी खजिन्याच्या आशेने खणून ठेवलेला खड्डा, किंवा उपटलेल्या झाडाचे भोक.

गोल दिसणाऱ्या इतर गोष्टींची यादी लांबलचक आहे आणि ती पाठ असल्याशिवाय हे काम करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या लाकडी पवनचक्क्या मातीच्या उंचवट्यावर, भोवती चर खणून उभ्या केल्या जात, आणि त्यांचा आधारस्तंभ आडव्या-उभ्या तुळयांवर बसवलेला असे. त्यामुळे वर्तुळाच्या आत फुलीची खूण दिसली की बहुधा प्रश्न मिटतो. फुली नसली तरी जुने नकाशे पाहावेच लागतात, कारण एकोणिसाव्या शतकातल्या नकाशांवर आणि जमीनकराच्या नोंदींत शेताच्या नावातच गिरणीचा उल्लेख राहून गेलेला असतो. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानविरोधी शोधदिव्यांच्या ठाण्यांभोवती गोल चर खणलेले असत. ते वरून पाहिले तर अस्सल कांस्ययुगीन वाटतात, मात्र युद्धानंतरच्या लगेचच्या चित्रांत ती ठाणी किंवा त्यांची ताजी खूण सापडते. त्यामुळे वर्तुळ कितीही देखणे असले तरी १९४० च्या दशकातले चित्र पाहिल्याशिवाय मी पुढे जात नसे. कुरणात बुरशीमुळे उमटणारी गवताची कडी, गुरांसाठी ठेवलेल्या गोल गव्हाणीभोवती शेणामुळे माजलेले गवत, गंजीभोवतीचे निचऱ्याचे चर यांचा निकाल आकारमानावरून आणि सलग वर्षांच्या तुलनेवरून लागतो. सर्वांत अवघड जात लोहयुगीन गोल घरांची. त्यांच्या छपरावरून गळणारे पाणी वाहून नेणारा अरुंद गोल चर लहान दफनवर्तुळासारखाच दिसतो. फरक कडेच्या रुंदीत आणि दारासाठी सोडलेल्या मोकळ्या जागेत असतो. ही जागा बहुधा पूर्वेला किंवा आग्नेयेला असते, आणि अशी घरे सहसा खड्डे, कुंपणे आणि इतर घरांच्या गर्दीत सापडतात.

माझे तिसरे, लहान वर्तुळ याच पेचात अडकले. कड अरुंद, व्यास बारा मीटरच्या आसपास, आणि बांधाखाली झाकलेल्या भागात दार होते की नव्हते हे कोणत्याच चित्रावरून ठरत नव्हते. मोठ्या दोघांच्या रांगेत ते आहे, एवढाच त्याच्या बाजूचा मुद्दा. दफनांचे ढिगारे रांगेने रचण्याची पद्धत खरोखरच होती; ॲबिंग्डनजवळ रॅडली येथील बॅरो हिल्स हे त्याचे उत्तम उदाहरण, जिथे १९८३ ते १९८५ या काळात मोठे उत्खनन झाले. परंतु त्याच उत्खननात ढिगाऱ्यांच्या दरम्यान सपाट जमिनीत केलेली, वर कोणताही ढिगारा आणि भोवती कोणताही चर नसलेली दफनेही निघाली. पिकाने त्यांचा सुगावा देणे जवळपास अशक्य, कारण माणसाएवढा एकटा खड्डा खडीतल्या इतर शेकडो नैसर्गिक डागांत मिसळून जातो. थोडक्यात, आपण दफनस्थळे शोधतो असे म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात आपण चर शोधत असतो, आणि ज्यांच्यासाठी कोणी चर खणला नाही ते मृत आपल्या नकाशात येतच नाहीत.

वर्तुळाखेरीज आणखी दोन आकार डोळ्यांना ओळखीचे करून घ्यावे लागले. नवाश्मयुगातले लांबट ढिगारे इ.स.पू. ३८०० नंतरच्या शतकांतले. त्यांच्या दोन्ही लांब बाजूंना चर असतात आणि टोकांकडे बहुधा मोकळे असते, त्यामुळे पिकात दोन समांतर किंवा किंचित निमुळत्या रेषा उमटतात. माझ्या पट्ट्यात असा एकच उमेदवार होता, आणि तो मध्ययुगीन नांगरटीच्या पट्ट्यांशी इतका समांतर निघाला की मी त्याला यादीत सर्वांत खालचा दर्जा दिला. दुसरा आकार चौकोनी. यॉर्कशरच्या टेकड्यांवर रडस्टन, बर्टन फ्लेमिंग, वेटवँग या गावांच्या आसपास लोहयुगातील माणसांनी आपल्या मृतांवर चौकोनी चरांचे छोटे ढिगारे रचले, आणि ते शेकड्यांनी, एकमेकांना खेटून. चॉक या मऊ चुनखडीच्या पांढऱ्या जमिनीवरच्या पिकात ते दिसतात तेव्हा प्रत्येक चौकोनाच्या मध्यभागी कबरीचा स्वतःचा गडद ठिपका असतो, कारण तिथे पुष्कळ कबरी खोल खणलेल्या आहेत. सरावासाठी मला त्या भागाची चित्रे दिली गेली होती. चौकोन, त्यात मधोमध ठिपका, शेजारी तसाच चौकोन, पुन्हा तसाच: एवढा निःसंदिग्ध पुरावा टेम्सच्या खडीवर मला एकदाही मिळाला नाही, आणि तो मिळेल या अपेक्षेने चित्र पाहणे धोक्याचे आहे हेही त्या सरावातून कळले.

नकाशा काढण्याचे काम त्यामानाने यांत्रिक आहे. तिरक्या चित्रातले वर्तुळ लंबगोल दिसते. ते खऱ्या आकारात आणि खऱ्या जागी बसवण्यासाठी चित्रात आणि नकाशावर दोन्हीकडे ओळखता येतील असे किमान चार नियंत्रणबिंदू लागतात. बांधांचे कोपरे, घरांचे कोने, रस्त्यांचे फाटे यांचा त्यासाठी उपयोग होतो. चार बिंदू पुरतात, पण चूक लपून राहते. म्हणून जास्त घ्यावेत आणि ते खुणेच्या चारही बाजूंना पसरलेले असावेत. तोडलेली कुंपणे आणि सरकलेले रस्ते या बाबतीत फार दगा देतात. सपाट खडीच्या जमिनीवर दोन मीटरच्या आत जागा बसली तर ती पुरेशी मानली जाते. रेखाटताना जे दिसते तेवढेच रेखाटायचे, तुटक कमान पूर्ण वर्तुळ करून जोडायची नाही, हा नियम ऐकायला सोपा आहे. हात मात्र सारखा वर्तुळ पूर्ण करायला धावतो.

नकाशा पुरा झाल्यावर सगळ्यांत फसवा भाग उरला: रिकाम्या जागा. माझ्या पट्ट्यात खुणा खडीच्या वरच्या पायरीवर दाट होत्या आणि नदीलगतच्या सखल भागात जवळपास नव्हत्या. याचा अर्थ प्रागैतिहासिक लोकांनी नदीकाठ टाळला असा घेता येत नाही. सखल भागावर पुराच्या गाळाचा जाड थर आहे, त्यावरचे पीक खालच्या चरापर्यंत पोहोचतच नाही आणि गाळात ओलही टिकून राहते. शिवाय तिथे पिढ्यान्पिढ्या कुरणे आहेत. चिकणमातीच्या जमिनीही अशाच अबोल असतात. त्यात भर म्हणजे वैमानिकांच्या सवयी: ज्या भागात आधी काही सापडले तिथेच ते पुन्हा जातात आणि विमानतळांच्या हवाई हद्दीत जाणे टाळतात. म्हणून मी नकाशाच्या जोडीला दुसरा नकाशा केला, ज्यात प्रत्येक शेतासाठी कोरड्या वर्षातले, धान्य उभे असतानाचे चित्र उपलब्ध आहे की नाही एवढेच दाखवले. मूळ नकाशापेक्षा हा दुसरा नकाशा पुढच्या माणसाला अधिक उपयोगी पडेल असे मला वाटते, जरी तो दिसायला अगदीच नीरस आहे.

नोंद लिहिताना वर्णन आणि अर्थ वेगळे ठेवावे लागतात. ‘वर्तुळाकार चर’ हे वर्णन झाले. ‘कांस्ययुगीन दफनाचा ढिगारा’ हा अर्थ झाला, आणि तो कशावरून काढला ते सोबत लिहायचे. टेम्सकाठच्या डॉर्चेस्टर येथे महायुद्धानंतर रिचर्ड ॲटकिन्सन आणि स्टुअर्ट पिगट यांच्या पथकाने उत्खनन केलेल्या काही लहान वर्तुळांत दहन केलेल्या अस्थी मिळाल्या, पण ती वर्तुळे ढिगाऱ्यांसाठी खणलेली नव्हती. आधीच्या विधिस्थानांत नंतर अस्थी ठेवल्या गेल्या होत्या. चित्रात हा फरक कसा दिसणार? म्हणून माझ्या दोन मोठ्या वर्तुळांपुढे आकारमान, सलग आणि रुंद कड, रांग आणि हद्दीचा बाक ही कारणे देऊन ‘बहुधा’ असा दर्जा लिहिला, तिसऱ्यापुढे ‘संभाव्य’, आणि लांबट रेषांपुढे ‘संशयास्पद’. नोंदी परगण्याच्या ऐतिहासिक वारशाच्या नोंदवहीकडे गेल्या. खडीच्या खाणीसाठी किंवा घरबांधणीसाठी परवानगी मागितली जाते तेव्हा नियोजनाचे अधिकारी हीच नोंदवही पाहतात, त्यामुळे तिथल्या एका ओळीवर प्रत्यक्ष निर्णय अवलंबून असतो. नेमके शेत मी इथे सांगत नाही, कारण रात्री धातुशोधक यंत्रे घेऊन परवानगीशिवाय खणणाऱ्यांची त्या देशात कमतरता नाही.

कापणीनंतर मधल्या वर्तुळाच्या जागेवर चुंबकीय सर्वेक्षण करण्याची परवानगी जमीनमालकाने दिली. चरात भरलेली वरची माती खालच्या खडीपेक्षा किंचित अधिक चुंबकीय असते, आणि मॅग्नेटोमीटर हातात धरून ठरावीक अंतराने शेत चालून काढले की तो फरक आकड्यांत उतरतो. चर अपेक्षेच्या जागी मिळाला. त्याच्या बाहेर, पाच-सहा मीटरवर, दुसरा अरुंद चर मिळाला, जो कोणत्याही वर्षीच्या कोणत्याही चित्रात नव्हता. तो उथळ असावा आणि पिकाला फरक पडेल एवढी माती त्यात नसावी असा आमचा अंदाज आहे. हद्दीची बाकदार रेषा या बाहेरच्या चराच्याही बाहेरून जात होती. मध्यभागातला डाग मात्र सर्वेक्षणात स्पष्ट झाला नाही. नोंद त्यानुसार बदलून ‘दोन समकेंद्री चर’ अशी केली, दर्जा ‘बहुधा’ हाच ठेवला, आणि बाहेरच्या चराचा व्यास आता मोठा धरावा लागत असल्यामुळे संरक्षित क्षेत्राची प्रस्तावित सीमा शेजारच्या शेतात आणखी आत सरकवली.